पोटात हवा असलेली गिटार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या महिन्यात या सदरात सेमी-हॉलो, म्हणजे अर्धवट पोकळ, इलेक्ट्रिक गिटारचा नुसता ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा तिलाच देतोय. बेळगावच्या शहापुरातल्या घरी, पुढच्या खोलीत, मी तीस वर्षं पेट्या आणि गिटारी दुरुस्त करतो. माझी स्वतःची सेमी-हॉलो म्हणजे आयबानेझ कंपनीची आर्टकोर. 2011 साली मडगावातून जुनी आणली, 14 हजारांना. तिच्यापेक्षा कितीतरी महाग गिटारी हातात येतात, दुरुस्त करून, वाजवून बघून परत देतो. हिला मात्र कधी कुणाला द्यावंसं वाटलं नाही. खाली सांगतोय त्यातलं बरंचसं तिनेच शिकवलंय.

मी शाळेत शिक्षक आहे. पहिल्यांदाच इलेक्ट्रिक गिटार घेतली, जुनी सेमी-हॉलो, 19 हजारांना. आता मित्र म्हणायलेत की ही प्लायवूडची आहे, वर आतून पोकळ, तुला फसवलं. परत देऊ का, सांगा की. (एक वाचक, निपाणी)

परत देऊ नका. प्लायवूड हा तिचा दोष नव्हे, ती तशीच बनवतात. गिब्सन या अमेरिकन कंपनीने 1958 मध्ये ईएस-335 ही गिटार काढली. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक सेमी-हॉलो गिटारी तिच्याच वळणाच्या. लोक तिच्या जुन्या नगांना लाखांनी पैसे मोजतात, आणि त्या गिटारचीही पुढची-मागची पानं मेपल-पॉप्लरचे पातळ थर चिकटवून दाबलेलीच होती. साध्या गिटारमध्ये आवाज लाकडी पानातून निघतो, म्हणून तिथे अख्ख्या लाकडाचं, मोकळेपणाने थरथरणारं पान हवं. इथे आवाज तारांखालच्या चुंबकी पिकअपमधून निघतो, तो तारांची थरथर विजेत बदलतो. पान फार थरथरलं तर स्पीकरचा आवाज झेलून तेच बोंबलायला लागतं. थरांचं पान जरा आवरून राहतं, शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात सहसा वाकत नाही की फाटत नाही.

आता पोकळीचं. एफ-होलमधून, म्हणजे पुढच्या पानावरच्या इंग्रजी f च्या आकाराच्या भोकातून, मोबाईलची बॅटरी आत मारा. दोन्ही अंगांना रिकामी जागा दिसेल आणि मधोमध, नेकपासून (मानेपासून) खालच्या टोकापर्यंत, लाकडाचा ठोकळा. पिकअप आणि ब्रिज (खालच्या बाजूला तारा ज्यावर टेकतात तो) त्या ठोकळ्यावर बसलेले असतात. या कल्पनेचं मूळ फार जुनं आहे. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने 1940 च्या सुमारास चार बाय चार इंचांच्या पाइनच्या खांबावर तारा आणि पिकअप लावले. नुसता खांब बघून लोकांना ती गिटारच वाटेना, म्हणून त्याच्या दोन्ही कडांना एका एपिफोन गिटारची कापलेली अंगं जोडली. त्या वाद्याचं नावच ‘लॉग’, म्हणजे ओंडका. तुमच्या गिटारच्या पोटात हाच ओंडका आहे. त्यामुळे स्वर टिकतो. आणि कडेच्या हवेमुळे स्वराला गोलाई येते, तार छेडल्यावर तो आधी श्वास घेऊन मग बाहेर पडल्यासारखा वाटतो. तंबोरा मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

बॅटरी मारल्यावर ठोकळा दिसलाच नाही, तर ती पूर्ण पोकळ गिटार आहे. बीटल्सनी वाजवलेली एपिफोनची कसिनो बाहेरून हुबेहूब अशीच दिसते, पण आत ठोकळा नाही. ती वाईट असते असं नाही, पण मोठ्या आवाजात सांभाळायला अवघड जाते.

जुनी घेतलीय तर एवढं मात्र आजच बघा. डोक्याचा भाग मागे कललेला असतो, आणि नटच्या (डोक्याकडच्या, तारा ज्यातून जातात त्या खाचांच्या पट्टीच्या) मागे, जिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं तिथे, गिटार पडली की हमखास चीर जाते. तिथून नख फिरवा. नख अडकलं तर दाखवून घ्या. नाही अडकलं तर 19 हजार सत्कारणी लागले. पुढचा खर्च नव्या तारांवर आणि सेटिंगवर करा. सुरात लावताना तार ‘टिंग’ करून उडी मारत असेल, तर नटच्या खाचेत ती अडकतेय. खाचेत शिसपेन्सिलचं टोक घासा. माझ्याकडे ‘गिटार सुरात राहत नाही’ म्हणून येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचं दुखणं तिथेच असतं.

काका, माझ्या गिटारची वायर घालायची जागा ढिली होती. घट्ट करायला गेले तर ती आतच पडली. आता हलवली की खुळखुळ वाजतेय. दुरुस्तीवाल्याने मागचं पान कापावं लागेल म्हणून सांगितलं. मी रडले. (कॉलेजची विद्यार्थिनी, खानापूर)

बाळ, रडू नकोस आणि पान कुणालाही कापू देऊ नकोस. सॉलिड गिटारला मागे झाकण असतं, चार स्क्रू काढले की सगळं समोर. हिला झाकण नसतं. कारखान्यातही सगळी वायरिंग एफ-होलमधूनच आत सोडतात. जे त्या वाटेने आत गेलं ते त्याच वाटेने बाहेर येतं.

मासे पाळायच्या काचेच्या टाकीत हवा सोडतात ती पातळ प्लास्टिकची नळी आण, हातभर. गिटार जाड चादरीवर ठेव. सगळ्या तारा काढू नकोस, नुसत्या सैल कर. या गिटारीत ब्रिज दोन खांबांवर नुसता टेकलेला असतो, तारांच्या ताणानेच जागेवर राहतो. तारा गेल्या की तोही निसटतो आणि तुझं काम दुप्पट होतं. आता गिटार हळूहळू कलती करत जॅक, म्हणजे ती आत पडलेली वायर घालायची जागा, एफ-होलच्या तोंडाशी आण आणि एखाद्या सुट्या तारेचा आकडा करून अलगद बाहेर ओढ. हिसका देऊ नकोस, मागच्या दोन वायरी डाग देऊन जोडलेल्या असतात. त्या तुटल्या असतील तर इथे थांब आणि आधी जोडून घे.

जॅक बाहेर आला की नळी उलट दिशेने घाल : जॅकच्या भोकातून आत, एफ-होलमधून बाहेर. नळीचं टोक कोमट पाण्यात बुडवून जॅकच्या तोंडात दाबून बसव. ते बरोबर अडकतं, कारण जॅकचं तोंड साधारण सव्वासहा मिलीमीटरचं आणि ही नळी बाहेरून सहाची. आता बाहेरून नळी सावकाश ओढ. जॅक पोटातून फिरत फिरत येतो आणि भोकातून त्याचे आटे डोकावतात. तो क्षण मी शेकडो वेळा पाहिलाय, अजून दर वेळी बरं वाटतं. नळी लगेच काढू नकोस. वॉशर आणि नट नळीवरूनच ओवून खाली सोड आणि बोटाने दोन-तीन आटे बसव. मग नळी काढ, गिटारची वायर आत खुपस, ती एका हाताने घट्ट धर म्हणजे जॅक आत फिरणार नाही, आणि दुसऱ्या हाताने अर्ध्या इंची पान्याने नट आवळ. जॅक पहिल्यांदा पडला तो याच कारणाने. नट आवळताना आख्खा जॅक आतल्या आत फिरतो आणि वायरींना पीळ बसतो.

व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता भाग) बदलायचा झाला तरी हीच नळी चालते, फक्त तिथे ती दांडीवर बाहेरून चढवायची. सगळ्या कामाला तुला एक दुपार लागेल. झालं की पत्र टाक.

आम्ही गणपतीत आणि यात्रांत ऑर्केस्ट्रा करतो. आवाज वाढवला की माझी सेमी-हॉलो हुंकारायला लागते. साउंडवाले म्हणतात सॉलिड घ्या. (एक वाचक, चिकोडी)

आधी दोन आवाज वेगळे ओळखा. एकसारखी चालू राहणारी बारीक भुणभुण हा विजेचा त्रास. हंबकर पिकअपमध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, त्यामुळे ती बरीचशी जिरते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये नेमकं याचसाठी ते पिकअप बनवलं. तुम्ही म्हणता तो हुंकार मात्र हवेचा. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटातली हवा आणि पान हलवतो, त्याने तारा हलतात, पिकअप तेच पुन्हा स्पीकरला देतं, आणि फेरा वाढतच जातो.

हा फेरा तोडायला नवी गिटार कशाला? अँप फळ्यांच्या स्टेजवर ठेवू नका, खाली वीट आणि वर रबराचा तुकडा ठेवा. अँपकडे तोंड करून उभं राहू नका, एक पाऊल कडेला सरका. हुंकार बहुतेक खालच्या सुरांचा असतो, म्हणून आधी अँपचा बेस उतरवा, मग गेन (आवाजाचा चढ ठरवणारं बटण). वाजवत नसाल तेव्हा व्हॉल्यूम शून्यावर. एवढं करून भागलं नाही तर एफ-होलमध्ये मऊ कापड भरा. यात कमीपणा नाही, ब्लूज गाजवणारे बी. बी. किंग स्वतः तसंच करायचे. पुढे 1980 मध्ये गिब्सनने त्यांच्या गिटारच्या ‘ल्युसिल’ या नावाचं मॉडेल काढलं, त्याला एफ-होल ठेवलेच नाहीत. जड डिस्टॉर्शनचीच (मुद्दाम फाटवलेल्या आवाजाची) गाणी रात्रभर वाजवायची असतील तर साउंडवाल्यांचं बरोबर आहे. पण तुम्ही पत्रात दिलेली यादी जुन्या हिंदी-मराठी गाण्यांची आहे. त्या गाण्यांना तुमचीच गिटार शोभते.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. मंडपात, ओल्या मातीवर, मी माईकला ओठ लावला आणि गिटारच्या तारांतून हातापर्यंत झटका बसला. अँपला अर्थिंग नव्हतं. तीन पिनांतली जाड पिन कुणीतरी काढून टाकली होती. माझं नशीब, हात सुटला. तेव्हापासून गाण्याआधी माईकच्या जाळीला आणि तारांना टेस्टर लावल्याशिवाय मी उभा राहत नाही. टेस्टर थोडासा जरी पेटला तरी वाजवायला नकार द्या, आयोजक कितीही घाई करोत. तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या पोरांनाही हे सांगा.

खानापुरातून अथणीला बदली झाली. खानापुरात उत्तम वाजणारी गिटार इथे उन्हाळ्यात घरघरते, आणि नेकवरून हात फिरवला की कडा टोचतात. (बँक कर्मचारी)

एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत आपल्या. खानापूरच्या पश्चिमेला झाडंही चार महिने ओलीचिंब, आणि अथणीला लोक आभाळाकडे बघून बसतात. लाकूड वाळून आखडलं, पण फ्रेट, म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्या, धातूचे, ते होते तेवढेच राहिले. म्हणून टोकं बाहेर आली. ती कानशीने घासायचं काम जाणत्याकडून करून घ्या.

नेक मात्र स्वतः तपासता येतो. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार नेक जिथे अंगाला मिळते त्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटपाशी तार न् फ्रेट यांच्यामधली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. फट नसेलच तर ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली सळई, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, कार्ड सैल नाचत असेल तर सुलट. एका वेळी आठवा हिस्सा वळसा, त्याहून जास्त नको, आणि परत सुरात लावून रात्रभर ठेवा. जोर लागला तर थांबा. गिटार केसमध्येच ठेवत जा, पंख्याखाली किंवा पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगू नका.

मुलीला बारावीनंतर ही गिटार घेऊन द्यायचीय. अँपसकट बजेट बसत नाही. (वडील, संकेश्वर)

मग अँप नंतर घ्या. सॉलिड गिटार वायर न लावता अगदी क्षीण वाजते, तिचा कंटाळा येतो आणि ती कोपऱ्यात पडते. सेमी-हॉलो पोटातल्या हवेमुळे एका खोलीपुरती स्वतःच ऐकू येते. शेजाऱ्यांना त्रास नाही आणि मुलीला आपली चूक ऐकू येते. रात्री घर निजल्यावर मी वायर न लावताच वाजवतो, माझा बहुतेक सराव असाच झालाय. फक्त तिच्यावर साध्या गिटारच्या ब्राँझच्या तारा चढवू नका, चुंबकी पिकअपला त्या नीट पकडता येत नाहीत. दुकानात निकेलच्या इलेक्ट्रिकच्या तारा मागा, दहा नंबरचा सेट. आणि बदलताना एक काढायची, एक लावायची.