पोरगा कुठंच टिकणार नाही का?

धुऱ्यावरून : वाचकांची पत्रं

प्रश्न : मी कास्तकार आहे, सहा एकर कोरडवाहू. मुलगा 19 वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, नागपूरच्या फुटबॉल लीगमध्ये मिडफिल्डर म्हणून, म्हणजे मधल्या फळीत खेळतो. मुंबईच्या एका क्लबनं दहा महिन्यांचा करार देऊ केला आहे. तुम्ही स्वतः फुटबॉलपटू, बारा वर्षांत सात क्लब बदलले असं ऐकलं. गावातले लोक म्हणतात, असा पोट्टा कुठंच टिकत नाही. पाठवू का नको?
– एक वडील, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पाठवा. पण आधी थोडं ऐकून घ्या.

सात क्लब झाले हे खरं आहे. दोन मी सोडले, दोघांनी मला सोडलं, दोन माझ्यादेखत बंद पडले आणि सातव्यात मी बूट काढले. गावाला वाटतं खेळाडू टिकत नाही, पण आपल्या देशात क्लबच टिकत नाहीत. पंजाबच्या जेसीटी क्लबनं 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची. महिंद्राचा संघ 2010 मध्ये बंद झाला, जेसीटीचा 2011 मध्ये. एवढ्या मोठ्या संघांतल्या पोरांनाही बॅग उचलून दुसरं दार शोधावं लागलं. त्यात त्यांचा काय दोष?

बारा वर्षांत माझे गोल अकरा. तरी दर उन्हाळ्यात कुणा ना कुणा कोचचा फोन यायचा, कारण मधल्या फळीत चेंडू न गमावणारा माणूस सगळ्यांनाच लागतो. हे मला आधी येत नव्हतं, शिकावं लागलं. आमचं मैदान म्हणजे सोयाबीन निघाल्यावरचं वावर. काळ्या मातीत चेंडू अडायचा, त्याच्याकडे बघत बसायला वेळ मिळायचा. पहिल्या क्लबात ओल्या टर्फवर पहिलाच पास माझ्या तळव्याखालून सरळ बाहेर गेला. आमचा कॅप्टन रोज सरावानंतर माझ्या पाठीमागं उभा राहायचा, दुसरा एक जण समोरून पास द्यायचा. मागून कोण येतंय हे आधीच कळावं म्हणून, चेंडू पायाशी यायच्या आत मान वळवून कॅप्टननं किती बोटं वर केलीत ते सांगायचं. चुकलो की पुन्हा. पहिला आठवडा माझी मानच वळेना, डोळे चेंडूला चिकटलेले. दिवाळीपर्यंत चार वेळा विचारलं तर तीनदा बरोबर येऊ लागलं. तुमच्या पोराला हे आजपासून करायला सांगा, घरच्या भिंतीवर चेंडू मारूनसुद्धा जमतं.

आता पैशाचं. दहा महिन्यांचा करार म्हणजे दोन महिने पगार नाही, हे धरूनच चाला. ते दोन महिने मी गावी यायचो, बाबांसोबत पेरणीआधीची मशागत करायचो आणि पहाटे पांदण रस्त्यानं पळायचो. एका क्लबात तर सलग तीन महिने पगार आला नाही. मेसवाल्याच्या वहीत माझ्या नावापुढं उधारीचं एक अख्खं पान भरलं. तो माणूस कधी बोलला नाही, पण त्याच्यासमोर ताट घेऊन उभं राहताना मला फार लाज वाटायची. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमात 2018 पासून स्पष्ट आहे, दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस द्यायची, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू करार मोडून मोकळा होऊ शकतो. माझ्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणून सही करताना तुम्ही स्वतः सोबत जा. कराराची सही-शिक्क्याची प्रत हातात घेतल्याशिवाय परत येऊ नका. गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं तर खर्च कोण करणार, हे त्यात लिहिलं आहे का ते बघा. गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, तुटलं की सहा ते नऊ महिने जातात, आणि तेवढ्यात करारच संपतो. माझा तसाच संपला होता.

बी.ए. सोडू देऊ नका. मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी केली, पुस्तकं बसमध्ये वाचली. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, आणि बऱ्याच पदांना पदवीही. प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये तुमच्या घरी ठेवा. होस्टेलच्या पेटीत ठेवलेली माझी दोन गेली, ती पुन्हा मिळाली नाहीत.

प्रश्न : मी अकरावीत आहे, उंची पाच फूट एक इंच. मुली हसतात. मिडफिल्डला खेळू शकेन का?
– एक विद्यार्थिनी, देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : नक्की. फ्रान्सचा एन्गोलो कान्ते 2018 च्या विश्वविजेत्या संघातला बुटका गडी. तुझ्या वयाचा असताना तो पॅरिसजवळच्या सुरेन नावाच्या छोट्या क्लबात खेळायचा, मोठ्या क्लबांनी घेतलं नव्हतं. आपल्याकडे मुलींची इंडियन विमेन्स लीग पहिल्यांदा 2017 मध्ये झाली, म्हणजे वाट आता तयार आहे. ताई, डावा पाय उजव्याएवढा तयार कर. आणि वर यवतमाळच्या पोरासाठी बोटांचा सराव लिहिला आहे, तो हसणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीला मागं उभं करून कर.