वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यापूर्वी आरव्हीतील पाण्याची व्यवस्था

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो. दोन वर्षांपूर्वी एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायची आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर) घेतला. गेल्या ऑक्टोबरात टाकी रिकामी केली, तळाचे दोन्ही ड्रेन उघडले, आतले सगळे नळ उघडे ठेवले आणि ट्रेलर घरामागे उभा केला. तरीही एप्रिलमध्ये पंप सुरू करताच बाहेरच्या शॉवरच्या पेटीमागून पाणी ठिबकू लागले आणि आतल्या फळीला ओल आली. नळ्या तर लवचिक प्लास्टिकच्या आहेत, मग फुटले काय? यंदा कॉम्प्रेसरने हवा मारावी की गुलाबी अँटिफ्रीझ (गोठण्यापासून वाचवणारा द्रव) भरावे?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : आपण आतले सगळे नळ उघडलेत, पण बाहेरच्या शॉवरची पेटी बंदच राहिली असावी, आपल्या पत्रात तिचा उल्लेख नाही आणि गळतीही नेमकी तिथेच आहे. शीतपेयाच्या स्ट्रॉचे वरचे तोंड बोटाने दाबून धरले की आतले पेय खाली पडत नाही, तसेच इथे होते. नळ बंद असला की मागच्या फाट्यात हवा शिरत नाही आणि तळाचा ड्रेन उघडा असूनही तेवढे पाणी अडकून राहते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. पेक्सची, म्हणजे आपल्याकडे आहे तशी लवचिक प्लास्टिकची नळी थोडी फुगून हा ताण सोसते. नळाच्या आतले कार्ट्रिज, प्लास्टिकचे जोड, पंपाचे डोके आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह यांना मात्र फुगायला वाव नसतो, त्यामुळे बहुधा तेच तडकतात. त्यातून हा शॉवर बाहेरच्या भिंतीत असल्याने थंडी आधी त्यालाच गाठते. नळी बदलण्याच्या खर्चात पडण्यापूर्वी पेटी उघडून नळ आणि त्यामागचे जोड तपासावेत.

हवा की अँटिफ्रीझ, याचे उत्तर राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून आहे. जिथे थंडी चार रात्रींची असते तिथे हवेवर भागते, पण पंपात आणि खोलगट वळणांत थोडे पाणी मागे राहतेच. मिनेसोटात मी केवळ हवेवर विसंबणार नाही. आधी हवा मारावी, मग अँटिफ्रीझ भरावे, आणि हवेचा दाब रेग्युलेटर लावून 40 पीएसआयच्या आत ठेवावा.

सुरुवात मात्र गीझरपासून करावी, कारण सर्वांत महागाची चूक तिथेच होते. त्याची वीज आणि गॅस दोन्ही बंद करून तो पूर्ण थंड होऊ द्यावा, पंप आणि बाहेरून येणारे पाणीही बंद करावे, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची दांडी उचलून दाब सोडावा आणि त्यानंतरच तळाचे बूच पान्याने काढावे. दाब असताना बूच सैल केले तर गरम पाणी थेट अंगावर येते. टाकी पोलादी असेल तर बुचाबरोबर एक लांब कांडी बाहेर येते. टाकीला गंज चढू नये म्हणून ती स्वतः झिजत असते, त्यामुळे काही हंगामांनी खडबडीत, पांढुरका थर चढलेल्या तारेसारखी दिसते. तीनचतुर्थांश झिजली असेल तर नवी घालावी. ॲल्युमिनियमच्या टाकीला अशी कांडी नसते. शेजाऱ्याच्या गीझरला आहे म्हणून आपल्यालाही बसवू नये. गीझर रिकामा झाला की बायपासचे व्हॉल्व्ह फिरवून त्याला वाटेतून बाजूला काढावे, नाहीतर 6 गॅलनचा गीझर आधी स्वतःचेच पोट भरून घेतो आणि अँटिफ्रीझ नळापर्यंत पोहोचतच नाही.

सांडपाण्याच्या टाक्या नेहमीप्रमाणे डंप स्टेशनवर रिकाम्या कराव्यात, आधी मैल्याची आणि मग धुण्याच्या पाण्याची. फिल्टरचे कार्ट्रिज काढून ठेवावे आणि सगळे ड्रेन बंद करावेत. पंपाच्या आधी बसवलेल्या तीन तोंडांच्या व्हॉल्व्हची नळी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडून पंप सुरू करावा. एकेक नळ, आधी थंड आणि मग गरम बाजू, गडद गुलाबी धार येईपर्यंत उघडा ठेवावा. आतला शॉवर, टॉयलेटचे पेडल आणि यंदा न विसरता बाहेरच्या शॉवरच्या दोन्ही चाव्या उघडाव्यात. मध्यम आकाराच्या ट्रेलरला दोन ते तीन गॅलन पुरतात. बाहेरची रबरी नळी जिथे जोडतो त्या तोंडाच्या जाळीमागे एक चेक व्हॉल्व्ह असतो. पंप बंद करून, एक नळ क्षणभर उघडून जोर उतरवावा आणि तो व्हॉल्व्ह बोथट काडीने हलकेच दाबून गुलाबी थेंब येऊ द्यावेत. शेवटी प्रत्येक मोरीत कपभर अँटिफ्रीझ ओतावे, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपातले पाणीही गोठून तो फोडत नाही.

अँटिफ्रीझ घेताना लेबल वाचावे. पिण्याच्या नळ्यांसाठी प्रोपिलीन ग्लायकोलचेच हवे. मोटारीच्या इंजिनातले एथिलीन ग्लायकोल विषारी असते. स्वस्त कॅनमध्ये कधी कधी इथेनॉल असते, त्याने रबरी सील कोरडे पडतात. लेबलवरचा उणे 50 हा आकडा फॅरनहाइटचा असून तो नळी फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. त्याच्या बऱ्याच आधी द्रव बर्फाच्या लगद्यासारखा होतो आणि तसा झाला तरी घाबरू नये. त्यात पाणी मात्र मिसळू देऊ नये, म्हणून तर आधी हवा मारायची. आपल्याच राज्यातील टॉवर या गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी तापमान उणे 60 अंश फॅरनहाइटपर्यंत उतरले होते. उत्तरेकडे ट्रेलर ठेवणार असाल तर उणे 100 चा कॅन घ्यावा.

प्रश्न : माझे आईबाबा मे महिन्यात भारतातून येतात आणि आम्ही त्यांना ट्रेलरमधून फिरवतो. नळाचे पाणी गोडसर लागते आणि त्याला फेस येतो. चहाला वापरले तर चालेल का?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : गोडी आणि फेस ही उरलेल्या ग्लायकोलची खूण आहे. चहाचा घोट भरून परीक्षा घेण्यापेक्षा व्यवस्था पुन्हा धुवावी. सर्व नळांतून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडावे. गीझर तोवर बायपासवरच असू द्यावा. नंतर बायपास पूर्ववत करून, दर 15 गॅलन पाण्याला पाव कप या प्रमाणात सुगंध न घातलेले साधे ब्लीच आधी बादलीत विरळ करून टाकीत घालावे, टाकी भरावी, प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी खेळवावे आणि बारा तास तसेच ठेवावे. मग वास जाईपर्यंत ताजे पाणी सोडावे. गरम नळातून हवेचे फुसफुसणे थांबून सलग धार येईपर्यंत गीझरचे बटण दाबू नये, कारण रिकाम्या टाकीत विजेचा एलिमेंट बघता बघता जळतो. कार्बन फिल्टर सगळ्यात शेवटी बसवावा, नाहीतर तोच ब्लीच शोषून घेईल. त्यानंतर आईबाबांसाठी आधण ठेवायला हरकत नाही.