मस्टँगचं शिंगरू घेताय? आधी मान बघा, पाय नंतर

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. कोलोरॅडोत खासगी मालकाकडून दोन वर्षांचा मस्टँग (अमेरिकेतला रानघोडा) घ्यायचा म्हणताय, त्याने आठ महिन्यांपूर्वी सरकारकडून दत्तक घेतलेला, जाहिरातीत ‘एकदम शांत’, आणि कागद ‘येतीलच’. या ‘येतीलच’ने मलाही भरपूर छळलंय. चारा, पाणी, फॅरियर (खूर तासणारा, नाल ठोकणारा) हे तुम्हाला माहीत असेल असं धरतो. (मी वकील नाही, पशुवैद्यही नाही. शेवटचा शब्द त्यांचा.)

दत्तक म्हणजे खरेदी नव्हे. रानघोडे दत्तक देणारं अमेरिकी सरकारचं खातं म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट; त्याच्या करारात किमान एक वर्ष घोडा सरकारचाच असतो. वर्षानंतर त्याची नीट काळजी घेतल्याची पशुवैद्याची किंवा तशाच पात्र व्यक्तीची सही लागते, आणि मगच टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मिळतं. तोपर्यंत सांभाळणाऱ्याला तो विकता येत नाही. परवानगीशिवाय 30 दिवसांहून जास्त दुसरीकडे ठेवताही येत नाही. म्हणजे आठ महिन्यांवर तुमच्या मालकाकडे विकण्यासारखं काही नाहीच! अपवाद एक: दहा वर्षांवरचे, किंवा दत्तकासाठी तीनदा मांडूनही कुणी न घेतलेले घोडे थेट विकले जातात आणि त्यांचं टायटल लगेच मिळतं. यातला तुमचा कुठला, ते स्पष्ट विचारा. उत्तर गोलमाल आलं तर फोन ठेवा.

विक्रेता सरळ माणूस असेल तर रस्ता आहे. त्याने करार सोडत असल्याचं लेखी कळवायचं आणि घोडा तुमच्या नावावर करण्याची विनंती करायची. मात्र मग अटी तुम्हाला लागू होतात: प्रत्येक जनावरामागे 400 चौरस फूट कोरल (कुंपण घातलेलं आवार), आणि 18 महिन्यांवरच्या, न हाताळलेल्या घोड्याला सहा फूट कुंपण. काटेरी तार चालत नाही. ‘सध्या पैसे द्या, कागद नंतर बघू’ याला अजिबात मान्यता देऊ नका. कोलोरॅडोत मालकी बदलताना ब्रँड इन्स्पेक्शन, म्हणजे जनावरावरच्या खुणांची आणि मालकीची सरकारी तपासणी, लागतं; तिथे मालकीचा पुरावा मागतात. मी ज्या कार्यालयाच्या दारात ताटकळलो त्याचं नाव घेत नाही; पण एका खिडकीवर ‘हे दुसऱ्या खात्याचं’, दुसऱ्या खात्यात ‘आधी पहिल्याचं पत्र आणा’, आणि तोवर घोडा आपल्या खर्चाने खातोय. त्या पायी गेलेला पैसा घोड्याच्या किमतीहून जास्त होता. असो.

आता मान. डाव्या बाजूला आयाळीखाली गोठवून उमटवलेली खूण असते. तिथे केस पांढरे उगवतात. पहिलं चिन्ह सरकारचं, त्यानंतर एकाखाली एक दोन चिन्हं म्हणजे जन्मवर्ष, पुढचे सहा अंक नोंदणीचे. अंक कोनांच्या रूपात असतात, ते वाचायचा तक्ता सोबत न्या आणि कागदावरचा क्रमांक स्वतः जुळवा. रानातून पकडलेल्याचं जन्मवर्ष दातांवरून लावलेला अंदाज असतो, म्हणून तोंडही बघा: मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला.

पाय बघताना घोडा सपाट, कडक जमिनीवर उभा करा. समोरून खांद्याच्या टोकातून ओळंबा सोडल्यासारखी रेषा गुडघा, घोटा आणि खुराच्या मधून जायला हवी. पुढचे खूर किंचित बाहेर वळलेले असतील तर घाबरू नका, अरुंद छातीच्या शिंगरात ते छाती भरल्यावर बरंच सुधारतं. पण गुडघाच आत झुकलेला असेल तर या वयात फार आशा नाही, तिथली हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांत थांबते. पुढचा एक खूर दुसऱ्यापेक्षा उभा आणि टाच उंच असेल तर मी तरी घेणार नाही. खुराच्या कडा तुटक्या असणं चालतं. दुडकी चाल दोन्ही दिशांना बघा, डोकं प्रत्येक पावलाला वरखाली होतंय का ते बघा. नर खच्ची केलाय का हेही तपासून घ्या. एक वृषण पोटात राहिलं असेल तर शस्त्रक्रिया महागात पडते.

घरचे व्हिडिओ कॉलवर भोवरे आणि देवमण, म्हणजे अंगावरच्या शुभ-अशुभ खुणा, विचारतील. विचारू द्या.

‘शांत’ या शब्दाची परीक्षा अशी: न कळवता तासभर आधी जा. घोडा मोठ्या कोरलमध्ये मोकळा असताना मालकाने त्याला तुमच्यासमोर हॉल्टर (तोंडावरची दोरी) घालावा, चारही पाय उचलून दाखवावेत, ट्रेलरमध्ये चढवावा. आधीच बांधून, दमवून ठेवलेला घोडा बघण्यात अर्थ नाही. संशय आला तर पशुवैद्याला रक्ताचा नमुना घ्यायला सांगा, गुंगीचं औषध त्यात कळतं. दोन्ही कान तुमच्याकडे करून वास घ्यायला येणारा बरा. कोपऱ्यात पाठ फिरवून मागचा पाय उचलणारा नवख्याने घेऊ नये, मग रंग कितीही देखणा असो. कळपावर दादागिरी करणाराही नको.

राज्याबाहेर न्यायचा असेल तर कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची रक्ततपासणी) आणि आरोग्य दाखला लागेल. आणि एक जोडटीप: तो खातो ते गवत दोन आठवडे पुरेल इतकं विक्रेत्याकडूनच विकत घ्या, नवं हळूहळू मिसळा. पहिल्याच दिवशी लाडाने अल्फाल्फा (लसूणघास) आणि धान्य ओतलं की पोटशूळ उठू शकतो, आणि तसंच चालू ठेवलं तर वाढत्या गुडघ्यांना सूज येऊ शकते.