पल्स किती सेकंदांची, ते आधी विचारा

छप्पन दुकानवर पोह्यांची प्लेट हातात असताना, मुंजीच्या पंगतीत, अगदी दवाखान्याच्या बाकावरही मला एकच प्रश्न गाठतो: "वापराल तेवढंच भरा म्हणाले होते, मग क्लाउड फोनचं बिल एवढं कसं?" क्लाउड फोन म्हणजे ग्राहकाचा कॉल आधी कंपनीच्या यंत्रावर घेऊन तिथून तुमच्या मोबाइलवर वळवणारी सेवा. टेलिफोन खात्यातली नोकरी संपल्यावर मी इंदूरमधल्या दुकानदारांची आणि संस्थांची फोनबिलं तपासून देतो. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांतली निम्मी याच गोंधळाची आहेत. म्हणून या वेळी सगळी एकत्र घेतली.

प्रश्न (सियागंज, किराणा ठोक): क्लाउड टेलिफोनी इंटरनेटवर चालते ना? मग मिनिटाचे पैसे कसले? शिवाय सरकारने मिनिटाचं शुल्कच रद्द केलंय, असं भाचा म्हणतो.

उत्तर: भाचा अर्धंच ऐकून आलाय. रद्द झालं ते एका टेलिफोन कंपनीने दुसरीला द्यायचं इंटरकनेक्ट शुल्क. देशातल्या कॉलसाठी ते १ जानेवारी २०२१ पासून शून्य आहे. तुम्ही कंपनीला काय द्यायचं, हे तुमच्या करारात ठरतं. ग्राहकाच्या मोबाइलवर कॉल पोचवायचा तर टेलिफोनचं जाळं लागतंच, आणि ते फुकट मिळत नाही.

प्रश्न (पलासिया, पॅथॉलॉजी लॅब): आम्हाला ४० पैसे मिनिट दर सांगितला. आमचे कॉल छोटे असतात, "रिपोर्ट तयार आहे का?" एवढंच. मी कागदावर हिशेब केला तर बिल जवळजवळ तिप्पट आलंय. फसवणूक आहे का?

उत्तर: बिल पाहिल्याशिवाय फसवणूक म्हणणार नाही. पण तुम्ही दर विचारलात आणि मोजमाप विचारलं नाहीत, असं दिसतंय. सगळेच तसं करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एसटीडी बूथमधलं ते पळत्या आकड्यांचं मीटर आठवतंय? तिथे मिनिट मोजतच नसत, पल्स मोजत; पल्स म्हणजे ठरावीक सेकंदांचा तुकडा, अर्धा वापरला तरी पैसे पूर्ण. एका पल्सचे पैसे ठरलेले. दिवसा पल्स भराभर पडायची, रात्री उशिरा ती लांबायची, म्हणून मुलाला पुण्याला फोन करायला लोक जेवण उरकून रांगेत उभे राहायचे. त्या काळात कुठल्याही आजीला पल्स कळत होती. मोबाइल आले, २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर आणला, पाठोपाठ बाकीच्यांनाही सेकंदावर यावं लागलं, पुढे अमर्याद कॉलचे पॅक आले आणि पल्स हा शब्द आपण विसरलो. विकणारे विसरलेले नाहीत.

तुमचाच कॉल घेऊ. समजा पेशंटने ०७३१ चा, म्हणजे इंदूरच्या लँडलाइनसारखा, नंबर लावला आणि एकूण ७० सेकंदांत कॉल संपला. त्यातले पहिले २० सेकंद "लॅबमध्ये आपलं स्वागत आहे, हिंदीसाठी एक दाबा" यात गेले. मग तुमच्या मुलीने मोबाइल उचलला आणि ५० सेकंद बोलली. तुमच्या लेखी हा एक कॉल. कंपनीच्या लेखी दोन: पेशंटपासून कंपनीच्या यंत्रापर्यंतचा ७० सेकंदांचा आणि यंत्रापासून तुमच्या मुलीच्या मोबाइलपर्यंतचा ५० सेकंदांचा. या तुकड्यांना धंद्यात 'लेग' म्हणतात. पल्स ६० सेकंदांची असेल तर ७० सेकंदांचे दोन मिनिट लागतात, ५० सेकंदांचं एक. म्हणजे तीन मिनिटं, एक रुपया वीस पैसे. असे शंभर कॉल झाले की १२० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४१ रुपये ६० पैसे. तुम्ही कागदावर ७० सेकंद गुणिले शंभर, मिनिटाला ४० पैसे असं मांडून ४७ च्या आसपास आला असाल. तिप्पट.

हेच ३० सेकंदांच्या पल्सवर जीएसटी सोडून १०० रुपये होतात, सेकंदाच्या पल्सवर ८०. दर तिन्हीकडे तोच, ४० पैसे. आता मला सांगा, ४५ पैसे मिनिट पण सेकंदावर मोजणारा माणूस तुम्ही "महाग आहे" म्हणून परत पाठवला होतात की नाही? त्याच्याकडे हे शंभर कॉल ९० रुपयांत झाले असते.

अजून एक. ते स्वागत २० सेकंदांवरून ८ सेकंदांवर आणा. पहिला लेग ५८ सेकंदांचा होतो, मिनिटाच्या आत बसतो, आणि ६० सेकंदांच्या पल्सवरही १२० चे ८० होतात. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे" हे वाक्य तुम्ही दर कॉलला पैसे मोजून ऐकवताय. रांगेतल्या संगीताचंही तेच.

तेव्हा लेखी विचारा: पल्स किती सेकंदांची? दोन्ही लेगचे पैसे लागतात की येणारा लेग मोफत आहे? मोजणी यंत्राने उचलल्यापासून की माणसाने उचलल्यापासून? तोंडी उत्तर घेऊ नका; विकणारा मुलगा सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. मग एका दिवसाची कॉलची यादी काढून वीस कॉल हाताने तपासा. फरक राहिला तर बिल, करार आणि यादी घेऊन जाणत्या माणसाकडे बसा. नुसत्या बिलाच्या फोटोवरून मी काही सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

प्रश्न (नारायण बाग, पतसंस्था): इंग्रजी एसएमएसला एक क्रेडिट जातं, तोच मजकूर मराठीत पाठवला की तीन. मराठीला जास्त दर आहे का?

उत्तर: दर तोच आहे. इंग्रजी लिपीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलात की संदेशाचे तुकडे पडतात आणि जोडणीची माहिती जागा खाते, म्हणून प्रत्येक तुकड्यात देवनागरीची ६७ च उरतात. दीडशे अक्षरांचा मराठी संदेश म्हणून तीन तुकड्यांत जातो.

शिवाय यंत्र अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं. 'लक्ष्मीपूजन' डोळ्याला पाच अक्षरं, यंत्राला अकरा. आणि इंग्रजी संदेशातही रुपयाचं चिन्ह टाकलंत की अख्खा संदेश सत्तरच्या हिशेबात जातो. तिथे इंग्रजीतच 'Rs' लिहा. मराठी सोडू नका, सभासदांना तीच कळते. मजकूर आखडा. "सन्माननीय सभासद, आपणांस कळविण्यात येते की" हे काढलंत तरी अर्धा तुकडा वाचेल. फक्त टेम्प्लेट, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेला मजकुराचा साचा, बदललं की ते पुन्हा मंजूर करून घ्यावं लागतं, तेव्हा आधी सेवा देणाऱ्याशी बोला.

प्रश्न (राजवाडा, साड्यांचं दुकान): दिवाळीच्या ऑफरचे एसएमएस चार दिवसांत सुरू करायचेत. एक जण म्हणतो, नोंदणी नको, त्याच्याच हेडरवरून (संदेश कोणाकडून आला ते दाखवणारं नाव) पाठवून देतो. चालेल?

उत्तर: नाही.

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांनुसार आधी तुमच्या दुकानाची डीएलटीवर (टेलिफोन कंपन्यांच्या संदेश-नोंदणी व्यवस्थेवर) नोंदणी, मग तुमच्या नावाचं हेडर, मग टेम्प्लेट. लिंक टाकायची असेल तर तीही आधी मंजूर हवी, हे ऑक्टोबर २०२४ पासून. आता हेडरच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी अक्षर लागतं. पी म्हणजे जाहिरात, हे ग्राहकालाही कळतं. दुसऱ्याच्या हेडरवरून गेलेला संदेश अडला तर पैसे गेले, आणि तक्रार झाली तर तुमचं दुकान त्यात ओढलं जाईल. दरवर्षी नवरात्र संपली की मला हे फोन येतात. नोंदणी श्रावणात करायची असते, ताई. यंदा जमलं नाही तर दुकानात फलक लावा आणि दिवाळीनंतर निवांत कागदपत्रं घेऊन बसा.

प्रश्न (विजयनगर, डब्यांचा व्यवसाय): व्हॉट्सअ‍ॅपवर मधल्या कंपनीमार्फत ग्राहकांना मेसेज पाठवायला पूर्वी २४ तासांच्या संभाषणाचे पैसे होते. आता प्रत्येक मेसेजचे लागतात म्हणे?

उत्तर: हो, १ जुलै २०२५ पासून टेम्प्लेट मेसेजची मोजणी नगावर आली. पण ग्राहकाने तुम्हाला लिहिलं की २४ तासांची खिडकी उघडते. त्यात तुम्ही साधं उत्तर दिलंत तर व्हॉट्सअ‍ॅपचं शुल्क नाही. तेव्हा "उद्या डबा हवा का?" असं शंभर जणांना रोज विचारण्यापेक्षा त्यांनाच "हवा" असं लिहायची सवय लावा. मधली कंपनी व्हॉट्सअ‍ॅपच्या दरावर स्वतःचा किती भार चढवते, ते वेगळं मागा. दर बदलत राहतात, म्हणून जुना कागद धरून बसू नका.

प्रश्न (जेल रोड): ५,००० चा रिचार्ज केला तर १,००० जादा बॅलन्स. घेऊ?

उत्तर: मुदत किती दिवसांची ते आधी वाचा. वापर महिन्याला ६०० चा आणि मुदत नव्वद दिवसांची असेल, तर हजार मिळाले नाहीत, तीन हजारांवर गेले.

प्रश्न (पीथमपूर, कारखाना): रंगपंचमीच्या सुट्टीनंतर आलो तर आमच्या यंत्रणेवरून परदेशात शेकडो कॉल झालेले. सगळं बॅलन्स संपलं, वर थकबाकी. आमच्याकडे कोणी परदेशात फोन करत नाही.

उत्तर: तेच तर. चोर कारखाना बंद असण्याची वाट बघतात. रात्र, रविवार, किंवा अख्खं इंदूर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर गेलेलं असतं तो दिवस. सोपा पासवर्ड फोडतात, मग परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लावत बसतात, आणि त्या कमाईतला वाटा त्यांच्याकडे जातो. माझ्या एका अशीलाचंही असंच झालं होतं. पासवर्ड एक्स्टेंशनच्या नंबराचाच ठेवला होता.

आज, हे वाचून झाल्या झाल्या: कंपनीला लेखी कळवा, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, सगळे पासवर्ड बदला, आयएसडी बंद करा. "सोमवारी बघू" म्हणू नका, तेवढ्यात दुसरी खेप येते. मग रोजच्या खर्चाला मर्यादा लावून घ्या आणि त्या मर्यादेच्या निम्म्यावर मोबाइलवर सूचना मागा. मर्यादा लावता येत नाही असं कंपनी म्हणाली तर ती कंपनी सोडा. थकबाकी भरायची की वाद घालायचा, हे करार बघून वकीलच सांगेल. मी सांगणार नाही.

प्रश्न (भंवरकुआ, कोचिंग क्लास): १८०० चा टोल-फ्री घ्यावा की ०७३१ चा? आणि उद्या कंपनी सोडली तर नंबर आमच्याकडे राहील का?

उत्तर: टोल-फ्रीवर येणाऱ्या प्रत्येक कॉलचे पैसे तुम्ही देता. तुमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर अमर्याद कॉलचा पॅक असतो, त्यांना ०७३१ ही फुकटच आहे. रुबाबासाठी घ्यायचा असेल तर घ्या.

नंबराचं मात्र जपून. पोर्टेबिलिटी मोबाइल नंबरला आहे, लँडलाइनच्या नंबरला नाही. ०७३१ चा नंबर कंपनीने तुम्हाला वापरायला दिलेला असतो. कंपनी सुटली की तो बहुधा सुटतो. तोच तुम्ही दहा हजार पत्रकांवर आणि बसच्या पाठीवर छापलेला असतो. म्हणून जाहिरातीत तुमच्या नावावरचा मोबाइल नंबर द्या आणि तो क्लाउडच्या नंबरावर वळवा. सोडताना नंबराचं काय होईल, हे करारावर सही करण्यापूर्वी लिहून घ्या.

प्रश्न (रामबाग, वकील): महिन्याला साठेक कॉल येतात. आम्हीही क्लाउडवर जावं का?

उत्तर: नको. नंबराचं भाडं आणि किमान रिचार्ज मिळून कॉलच्या खर्चापेक्षा जास्त होईल. मुनीमजींना एक मोबाइल घेऊन द्या.

प्रश्न (तोपखाना): जीएसटीचा परतावा मिळतो का?

उत्तर: नियमित नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर साधारणपणे इनपुट क्रेडिट मिळतं, कंपोझिशन योजनेत नाही. तुमच्या सीएला विचारा.

प्रश्न (अनेक वाचक): एवढं सांगता, तर कोणती कंपनी घ्यायची ते नाव सांगा ना.

उत्तर: नाव सांगणार नाही. तुमच्या मागच्या महिन्याच्या कॉलची यादी तीन कंपन्यांना द्या आणि "या यादीवर तुमचं बिल किती झालं असतं, भाडं आणि जीएसटी धरून?" असं लेखी मागा. जी कंपनी नुसतं दरपत्रक परत पाठवेल तिला बाद करा. उरलेल्यांचे करार सही करण्यापूर्वी कुणाकडून तरी तपासून घ्या. आणि यादी देताना ग्राहकांच्या नंबरांचे शेवटचे पाच आकडे झाका.