लहान मुलांची पात्रं लिहायला घेतलीस, तर आधी एवढं बघ

तुझी पहिली दोन प्रकरणं वाचली. निपाणीतल्या विडी कामगार बाईची मुलगी नायिका घेतलीस, हे फार आवडलं. लिहीत राहा.

सगळ्यात आधी, नुसते हाल सांगत बसू नकोस. त्या हालांत मुलगी काय करते ते दाखव. शाळेतून आली की ती आईबरोबर विड्यांचे कट्टे बांधते, बोटांना तंबाखूचा वास राहतो, आणि वर्गात शेजारची मुलगी सरकून बसते. तेव्हा ती हात दप्तराखाली घेते की बाकावर तसाच ठेवते? सुरुवातीला लपवला आणि पुढे कधीतरी ठेवला, म्हणजे ती वाढली. तिथं भाषण नको.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- दहा वर्षांचं पोर सीमाप्रश्नावर मोठ्यांसारखं बोलतं. 1956 ची राज्यपुनर्रचना, जिच्यात निपाणी आजच्या कर्नाटकात गेली, ती आजोबांच्या तोंडी असू दे. पोराला कळतं ते एवढंच, की गल्लीतला कन्नड दोस्त आज खेळायला आला नाही.
- कन्नड बोलणारा प्रत्येक जण खलनायक. आपल्याकडे एकाच कट्ट्यावर दोन्ही भाषा चालतात, तसं लिही.
- मैत्री एका प्रसंगात जुळते. 2019 च्या पुरासारख्या वेळी दोघांना एकत्र घागरी वाहू दे, भांडू दे, पुन्हा बोलू दे. दोस्तालाही त्याची स्वतःची अडचण हवी.
- शेवटी गुरुजी येऊन सगळं मिटवतात. हे अजिबात करू नकोस.

निवेदन, काळाच्या उड्या वगैरे नंतर बघू. आधी तो बाकावरचा प्रसंग पुन्हा लिहून पाठव.