वाचकांचे प्रश्न : नेदरलँड्स, सायकल आणि तोंडावरचा वारा

नेदरलँड्समध्ये सायकलवरून निवांत भटकण्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही साठी ओलांडलेले आहोत. मे महिन्यात आठ दिवसांसाठी जाण्याचा विचार आहे. युट्रेख्टहून निघून जुने किल्ले पाहत नैर्ऋत्येला किंडरडाइकच्या पवनचक्क्यांपर्यंत जायचे आणि मग फेलुवेच्या जंगलात दोन दिवस काढायचे, असा बेत आहे. जमीन सपाट असल्यामुळे रोज ७० किलोमीटर सहज होतील, असे आम्ही धरले आहे. हा आराखडा योग्य आहे का?

उत्तर : ठिकाणे आपण उत्तम निवडली आहेत, अंतर आणि दिशा यांचा मात्र फेरविचार करावा, असे मी सुचवीन. या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि युरोपातील त्याच्या भूमीवरचे सर्वांत उंच ठिकाण जेमतेम ३२२ मीटरचे, तेही पार आग्नेय कोपऱ्यात, त्यामुळे चढाची काळजी करण्याचे कारण नाही हे खरे आहे. परंतु चढ संपला की उतार लागतो, आणि वाऱ्याच्या बाबतीत तशी काही हमी नसते. आडोसा नसलेल्या बांधावर तोंडावर वारा घेत दोन तास पॅडल मारल्यावर माणूस घाटाची आठवण काढू लागतो. डच लोकांनाही हे इतके ठाऊक आहे, की वादळात चढणाऱ्या समुद्राला अडवणाऱ्या ऑस्टरस्खेल्ड धरणावर, मुद्दाम वादळी दिवस निवडून, बिनगिअरच्या साध्या सायकलींवर, वाऱ्याविरुद्ध साडेआठ किलोमीटर जाण्याची राष्ट्रीय स्पर्धा ते भरवतात.

वर्षभराचा हिशेब केला तर तेथील वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडूनच येतो, म्हणजे आपला युट्रेख्ट ते किंडरडाइक हा रस्ता नेमका त्याच्या तोंडात जातो. म्हणून हाच प्रवास उलटा करावा. रॉटरडॅमला सायकली भाड्याने घ्याव्यात, वॉटरबसने, म्हणजे नदीतून चालणाऱ्या प्रवासी बोटीने, सायकलींसह किंडरडाइक गाठावे आणि तेथून पूर्वेकडे निघावे. पहिला मुक्काम गोरिंखेमला करावा. तिथवरचे अंतर तीस-पस्तीस किलोमीटर भरते. दुसरा दिवस लूवेस्टाइनच्या किल्ल्यासाठी राखून ठेवावा, तिसऱ्या दिवशी लिंगे नदीच्या काठाने आस्परेनवरून क्युलेमबोर्खला यावे, चौथ्या दिवशी लेक नदी तरीने ओलांडून युट्रेख्ट गाठावे आणि पाचव्या दिवशी आगगाडीने एडेला जाऊन तेथून फेलुवेकडे वळावे. असे केल्यास बहुतेक दिवस ३५ ते ४० किलोमीटरच्या आत राहतील आणि उरलेले दिवस पावसासाठी किंवा आळसासाठी हाताशी असतील. आळसाचा दिवस मी तरी सोडत नाही.

वसंतात पूर्वेचा किंवा उत्तरेचा वाराही कधीकधी चार-चार दिवस ठाण मांडतो, हे येथे सांगितले पाहिजे. त्यामुळे निघण्याच्या दोन दिवस आधी हवामानाचा अंदाज पाहावा आणि वारा पूर्वेचा असेल तर खुशाल आपल्या मूळ आराखड्याप्रमाणे युट्रेख्टहून सुरुवात करावी. दोन्ही टोके रेल्वेने जोडलेली असल्यामुळे आयत्या वेळी दिशा बदलणे अवघड जात नाही. मात्र मुक्कामाच्या खोल्या रद्द करता येतील अशाच घ्याव्यात.

प्रश्न : कालवे, बांध आणि पवनचक्क्या छायाचित्रांत सुंदर दिसतात, पण तासाभराने सगळे सारखेच वाटू लागेल, अशी भीती आहे. तेथे नेमके काय पाहायचे?

उत्तर : पाणी कोणत्या पातळीवर आहे, ते पाहायचे. किंडरडाइकहून आल्ब्लासरवार्ड या सखल प्रदेशात शिरल्यावर कुठल्याही बांधावर सायकल थांबवावी आणि आधी डावीकडे, मग उजवीकडे बघावे. एका बाजूला काठोकाठ भरलेला कालवा असतो, त्यात बदके पोहत असतात. दुसऱ्या बाजूला गाई चरत असतात, आणि त्या गाई बदकांच्या खाली असतात. मेंदूला हे पटायला क्षणभर वेळ लागतो.

हे असे झाले, कारण ही जमीन मुळात दलदलीची, पीट नावाच्या कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची होती. शेतीसाठी तिच्यातले पाणी चरांवाटे काढून टाकल्यावर ती आक्रसली आणि खाली बसली. खाली बसल्यामुळे पुन्हा पाणी साचू लागले. ते काढल्यावर ती आणखी खाली गेली. काही शतकांत शेते नदीच्या पातळीखाली गेली आणि पाणी आपणहून वाहून जाईना. मग ते उपसून वर चढवणे भाग पडले, आणि किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या हे त्या उपशाचे यंत्र आहे. त्यांतील बहुतेक १७३८ ते १७४० या काळात उभ्या राहिल्या. चक्की शेतांकडून आलेल्या कालव्यातील पाणी पंखांच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाने उचलून वरच्या पातळीवरील साठवण-कालव्यात टाकत असे आणि लेक नदीची पातळी उतरली, की दरवाजे उघडून ते नदीत सोडले जात असे. चक्कीचा केवळ माथा फिरवून पंख वाऱ्याकडे वळवता येतात. त्यासाठी मागच्या बाजूला जमिनीपर्यंत आलेले लाकडी दांडे आणि एक चरखी असते, ती अवश्य पाहावी. गोल, विटांच्या चक्क्या एका बाजूला आणि अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या दुसऱ्या बाजूला, हा फरकही उगाच नाही: त्या दोन वेगळ्या जल-मंडळांच्या, म्हणजे पाण्याचा निचरा सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थांच्या, आहेत. युनेस्कोने १९९७ मध्ये या सगळ्या व्यवस्थेला जागतिक वारसा ठरवले. यातील बऱ्याच चक्क्यांमध्ये आजही कुटुंबे राहतात, तेव्हा खिडकीत डोकावण्याचा मोह आवरावा.

पुढे गोरिंखेमजवळ हेच पाणी शस्त्र होते. शत्रू चालून आला, की ठरावीक दरवाजे उघडून शेते बुडवायची आणि पाणी गुडघाभर ठेवायचे: सैन्याला तोफांसह चालता येऊ नये इतके खोल, आणि नावा हाकता येऊ नयेत इतके उथळ. वरून खालचे चर आणि खड्डे दिसत नाहीत, ही त्यातली खरी मेख होती. १६७२ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे सैन्य या युक्तीने अडले. १७९४-९५ च्या हिवाळ्यात पाणी गोठले आणि फ्रेंच फौजा बर्फावरून पार झाल्या. तरीही १८१५ पासून ही संरक्षक जलरेषा नव्याने, युट्रेख्ट पोटात घेऊन, सुमारे ८५ किलोमीटर लांब बांधण्यात आली आणि २०२१ मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश झाला. आपल्या मार्गावर आस्परेन, एव्हरडिंगेन, होन्सवाइक आणि रायनाउवेन हे तिचे किल्ले लागतात. गवत माजलेल्या मातीच्या टेकड्या पाहून थोडी निराशा होईल, कारण तोफगोळे झेलण्यासाठी ते मुद्दामच मातीने झाकलेले आहेत. किल्ल्यांच्या आसपास एखादे लाकडी घर दिसले तर तेथे थांबावे. तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात पक्के बांधकाम करण्यास १८५३ च्या कायद्याने मनाई होती. युद्ध सुरू होताच चटकन जाळून टाकता येईल, असेच घर बांधावे लागे. ज्यांनी ती घरे बांधली, त्यांना रात्री झोप कशी लागत असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

लूवेस्टाइन त्याहून जुना, वाल आणि मास नद्यांच्या संगमावरचा किल्ला आहे. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याला तेथे जन्मठेपेत ठेवले होते आणि १६२१ मध्ये पत्नीच्या मदतीने तो पुस्तकांच्या पेटीत बसून निसटला. गोरिंखेमहून किल्ल्याकडे तरीने सायकलीसह जाता येते. त्या फेऱ्या हंगामी असल्यामुळे वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

प्रश्न : रस्ता कसा शोधायचा? सतत मोबाइलकडे पाहत सायकल चालवणे मला जमणार नाही.

उत्तर : जमले तरी करू नये, कारण सायकल चालवताना मोबाइल हातात धरणे तेथे १ जुलै २०१९ पासून दंडनीय आहे. सुदैवाने त्याची गरजही पडत नाही. देशभर सायकलमार्ग जेथे एकमेकांना मिळतात, त्या नाक्यांना क्रमांक दिलेले आहेत. एका नाक्यावरून निघाले, की पुढच्या नाक्याचा क्रमांक दाखवणाऱ्या छोट्या हिरव्या-पांढऱ्या पाट्या वळणावळणावर भेटतात, आणि नाक्यावर पोहोचल्यावर परिसराचा नकाशा असलेला फलक उभा असतो. रात्री नकाशा पाहून २३, ४१, ४०, ६७ असे आकडे एका चिठ्ठीवर ठळक लिहायचे आणि सकाळी ती हँडलला चिकटवायची, एवढेच काम. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधील लिम्बर्ग प्रांतात १९९५ मध्ये प्रथम राबवली गेली आणि ती सुचली ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याला.

दोन गोष्टींची मात्र सावधगिरी बाळगावी. क्रमांक ९९ च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तेच आकडे दुसऱ्या भागात पुन्हा येतात. चिठ्ठीवर आकड्याशेजारी गावाचे नाव लिहून ठेवावे. आणि बराच वेळ पाटी दिसली नाही, तर पुढे दिसेल या आशेवर न राहता शेवटच्या पाटीपर्यंत मागे यावे. चुकलेले वळण बहुधा झुडपाआड गेलेल्या पाटीपाशीच असते.

प्रश्न : भाड्याने कोणती सायकल घ्यावी? विजेवरची घेतली, तर ती फसवणूक ठरेल का?

उत्तर : मुळीच नाही. वाऱ्याविषयी वर लिहिले आहे ते पाहता, साठीच्या पुढच्या प्रवाशांनी, किंवा दोघांच्या ताकदीत फरक असल्यास निदान एकाने, विजेवरची सायकल घ्यावी असेच माझे मत आहे. जोडीने फिरताना एक जण सतत पुढे जाऊन वाट पाहत उभा राहतो आणि दुसरा धापा टाकत येतो, तेव्हा बिघडणारी गोष्ट सायकल नसते. मुक्कामी बॅटरी खोलीत नेऊन चार्ज करता येईल का, हे आधी विचारून घ्यावे.

साधी सायकल घेणार असाल, तर ब्रेक कोणता आहे ते दुकानातच पाहावे. तेथील बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो किंवा फक्त पुढच्या चाकाला असतो. मागचा ब्रेक पॅडल उलटे दाबल्यावर लागतो. थांबल्यावर पॅडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणण्याची आपल्या पायांना सवय असते, ती येथे घात करते. पहिल्याच सकाळी संथ चालवताना मी सवयीने पॅडल मागे घेतले, सायकल जागच्या जागी थिजली आणि मागून येणाऱ्या आजीबाईंनी घंटी वाजवून मला काय म्हणायचे ते म्हणून घेतले. दुकानासमोर दहा मिनिटे चकरा माराव्यात, पाय शिकतात.

प्रश्न : वाहतुकीचे कोणते नियम नवख्याला नडतात?

उत्तर : सर्वांत आधी, वाहतूक उजव्या बाजूने चालते. हे सगळ्यांना माहीत असते, आणि चहा घेऊन पुन्हा सायकलवर बसताना सगळेच विसरतात. चौकात रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगवलेली असते, तिला तेथे शार्कचे दात म्हणतात. दातांची टोके आपल्याकडे असतील, तर थांबून दुसऱ्याला जाऊ द्यायचे. असे कोणतेही चिन्ह नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाचा, अगदी सायकलचाही, हक्क पहिला असतो. वळण्यापूर्वी हात दाखवावा. छायाचित्रासाठी थांबायचे असेल, तर सायकलमार्गावरून पूर्ण बाजूला व्हावे. शहरात ट्रामचे रूळ तिरके न कापता शक्य तितके काटकोनात ओलांडावेत, नाहीतर चाक खाचेत अडकते.

आगगाडीत सायकल नेण्यासाठी सायकलचे वेगळे तिकीट लागते, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९ व दुपारी ४ ते ६.३० या गर्दीच्या वेळांत ती नेता येत नाही. एडेला जाण्याच्या दिवशी सकाळी सावकाश न्याहारी करावी, हे उत्तम.

प्रश्न : फेलुवेच्या जंगलासाठी माझ्याकडे एकच दिवस आहे आणि सोबत स्वतःची सायकल नसेल. तरीही जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : अवश्य आहे. होगे फेलुवे राष्ट्रीय उद्यानाचे तिकीट काढून आत गेले, की प्रवेशद्वारापाशी पांढऱ्या सायकली उभ्या असतात. त्या वापरण्यास वेगळे पैसे पडत नाहीत. कोणतीही उचलावी, हवे तेथे ठेवावी, परतताना दुसरी घ्यावी. आसन आपल्या उंचीप्रमाणे आधी नीट करून घ्यावे आणि टायर दाबून पाहावेत, कारण दिवसभर दहा जणांच्या हातांतून गेलेली सायकल असते.

सुमारे ५,४०० हेक्टरांच्या या उद्यानात पाइनचे जंगल, हेदर झुडपांची माळराने आणि मधूनच वाऱ्याने हलणारी उघडी वाळू, असे तिन्ही एकामागून एक येते. कालव्यांच्या प्रदेशातून आल्यावर पाणी नसलेला हा कोरडा, किंचित उंचसखल भाग दुसऱ्याच देशाचा वाटतो. हिमयुगात बर्फाच्या थरांनी पुढे ढकललेल्या वाळू-खडीचा तो बनलेला आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात हेदर फुलून माळ जांभळे होतात. मध्यभागी १९३८ मध्ये उघडलेले क्रोलर-म्युलर संग्रहालय आहे. व्हॅन गॉगची जवळजवळ ९० चित्रे आणि १८० हून अधिक रेखाचित्रे त्याच्याकडे आहेत, परंतु ती सगळी एका वेळी मांडलेली नसतात. त्याचे तिकीट वेगळे असते.

एकच दिवस असेल, तर ओटरलोच्या दाराने सकाळी लवकर आत जावे, आधी वाळूच्या माळावरून फेरी मारून घ्यावी आणि दुपारी, पाय दुखू लागल्यावर, चित्रांकडे वळावे. उलट क्रम लावला, तर संग्रहालयातून बाहेर पडेपर्यंत दिवस कलतो आणि दाराजवळच्या चांगल्या सायकली दुसऱ्यांनी नेलेल्या असतात.