रंग गेला, पुढे काय झालं?

प्रिय मित्रा,

तुझी मेल आणि फ्लास्कचे फोटो मिळाले. सांडपाण्याच्या नाल्याकाठच्या मातीतून स्वतः वेगळा केलेला जिवाणू काँगो रेड या रंगद्रव्याचा लालभडक रंग एका रात्रीत घालवतो, याचा आनंद व्हायलाच हवा. पण फोटोखाली तू 'विघटन पूर्ण' असं लिहिलं आहेस. ते खोडून ठेव. आत्ता तुझ्या हातात फक्त रंग गेल्याचा पुरावा आहे.

काँगो रेडला रंग येतो तो अ‍ॅझो बंधामुळे, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंना जोडणाऱ्या दुहेरी बंधामुळे. तू फ्लास्क शेकरवर न लावता स्थिर ठेवलास. आतला ऑक्सिजन संपला, जिवाणूने आपले इलेक्ट्रॉन त्या बंधाला दिले, बंध तुटला आणि रंग गेला. अ‍ॅरोमॅटिक वलयं, म्हणजे रेणूतली बेंझिनसारखी कार्बनची कडी, मात्र जशीच्या तशी शाबूत आहेत. शिवाय दोन्ही अ‍ॅझो बंध तुटले की रेणूचा मधला तुकडा सुटतो, तो बेंझिडिन. रंगांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग देणारं हेच ते रसायन, आणि त्यापासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे नव्वदच्या दशकात बंदी आली ती याचमुळे. म्हणजे तुझं नितळ पाणी मूळच्या लाल पाण्यापेक्षा जास्त घातक असू शकतं. तुझा निष्कर्ष वाचून उद्या इचलकरंजीत कुणी 'रंग गेला, आता सोडा नदीत' म्हणालं, तर ते पंचगंगेला परवडणारं नाही.

या वलयाशी एकदा नीट ओळख करून घे. बेंझिनच्या वलयातले सहा इलेक्ट्रॉन कुठल्याच एका बंधाचे नसतात, ते सहाही कार्बनमध्ये वाटलेले असतात. त्यामुळे त्याला दर मोलमागे सुमारे 150 किलोजूल इतकं जादा स्थैर्य मिळतं. ते मोडायचं तर जिवाणूला आधी स्वतःची ऊर्जा खर्च करावी लागते, खाणं नंतर.

हवा असेल तर ही सुरुवात ऑक्सिजनने होते. 1955 पर्यंत बहुतेकांची अशी समजूत होती की सजीवांमधल्या ऑक्सिडेशनमध्ये हवेतला ऑक्सिजन फक्त इलेक्ट्रॉन घेतो, पदार्थात शिरणारा ऑक्सिजन येतो पाण्यातून. जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ ओसामू हायाइशी यांनी जड ऑक्सिजन-18 वापरून दाखवलं की कॅटेकॉलचं, म्हणजे शेजारच्या दोन कार्बनवर हायड्रॉक्सिल (OH) गट असलेल्या बेंझिनचं, वलय फुटताना हवेतल्या रेणूचे दोन्ही अणू थेट त्या पदार्थात जातात. बेंझिनमध्ये आधी डायऑक्सिजनेझ हे विकर (एन्झाइम) वलयावर ऑक्सिजन बसवतं, पुढे त्याचं कॅटेकॉल होतं, मग वलय फुटतं आणि त्याचे तुकडे नेहमीच्या चयापचयात जाऊन मिळतात. साखरेचा कार्बन जिथे जातो तिथेच शेवटी बेंझिनचाही जातो. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

वलय फुटतं की नाही याचा एक सोपा अंदाज प्लेटवरच घेता येतो. वाढलेल्या वसाहतींवर कॅटेकॉलचं पातळ द्रावण फवार. वलय दोन हायड्रॉक्सिल गटांच्या बाहेरच्या बाजूने फोडणारं विकर असेल, तर पांढरट वसाहती काही मिनिटांत गडद पिवळ्या होतात. पिवळ्या झाल्या नाहीत म्हणून लगेच निराश होऊ नकोस, कारण दोन हायड्रॉक्सिलांच्या मधून फोडणाऱ्या विकराचं उत्पादन रंगहीन असतं.

हवा नसेल तिथली वाट वेगळी, आणि ती समजायला मिनेसोटातल्या बेमिजीचं प्रकरण वाच. ऑगस्ट 1979 मध्ये तिथे कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. सुमारे 17 लाख लिटर तेल सांडलं आणि साफसफाईनंतरही जवळपास 4 लाख लिटर जमिनीत राहिलं. त्या जागेचा अभ्यास दशकानुदशकं चालू आहे. भूजलातला ऑक्सिजन लवकर संपला, मग तिथल्या जिवाणूंनी मातीच्या कणांवरचं लोह वापरायला घेतलं. ते बेंझिन, टोल्यूइनसारखे पदार्थ खातात आणि इलेक्ट्रॉन लोहाला देतात. त्यामुळे बेंझिन भूजलाच्या वेगाने पुढे पसरलं नाही. पण लोह विरघळलं तेव्हा त्याला चिकटून बसलेलं आर्सेनिकही पाण्यात उतरलं. तेल कमी झालं म्हणून समाधानाने फाइल बंद केली असती, तर हे कुणाला कळलंच नसतं. मला तुला नेमकं हेच सांगायचं आहे. एखादा पदार्थ 'गेला' असं लिहिण्याआधी तो कशात बदलला आणि त्या बदलाबरोबर आणखी काय हललं, याचा हिशेब दे.

तो हिशेब कंट्रोलपासून, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या जिवंत जिवाणू नसलेल्या फ्लास्कपासून, सुरू होतो. कपाटातली डांबरगोळी कुठल्याही जिवाणूशिवाय झिजते, कारण नॅफ्थलीन सरळ हवेत उडून जातं. उद्या तू नॅफ्थलीनवर काम केलंस आणि मारलेल्या पेशींचा फ्लास्क शेजारी ठेवला नाहीस, तर उडालेलं सगळं जिवाणूच्या नावावर जमा होईल. रंगांचंही तसंच आहे, ते पेशींना नुसते चिकटतातही. सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बसलेला गोळा लालसर दिसतो का, ते आधी बघ.

आणि माध्यमातलं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे जिवाणूंसाठीचं तयार अन्न. तू ते टाकलं आहेस, मग जिवाणू नक्की कशावर वाढला? बहुतेक जिवाणू सोपं अन्न आधी संपवतात. पवईच्या आयआयटीत अभ्यासलेला स्यूडोमोनास सीएसव्ही86 ग्लुकोजआधी अ‍ॅरोमॅटिक पदार्थ खातो, पण तो अपवाद आहे म्हणूनच त्याची एवढी चर्चा झाली. तुझा जिवाणू तसा आहे असं गृहीत धरू नकोस.

आता कामाचं. रंग गेल्यावर तोच फ्लास्क शेकरवर चढव. अ‍ॅझो बंध तोडायला ऑक्सिजनची अडचण होते, पण सुटलेले अमाइन, म्हणजे बेंझिडिनसारखे तुकडे, फोडायला तोच लागतो, म्हणून स्थिर आणि हलता हे दोन टप्पे एकापाठोपाठ घे. दोन्ही टप्प्यांनंतर एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारी चाचणी) कर, बेंझिडिनचं स्टँडर्ड, म्हणजे ओळखीचा शुद्ध नमुना, शेजारी चालव आणि एकूण सेंद्रिय कार्बन मोज. रंग उतरला आणि कार्बन तेवढाच राहिला, तर पदार्थाने फक्त रूप बदललं आहे. मूग भिजवून त्या पाण्यावर उगवतात का, मुळं किती लांब येतात, तेही मोज. खर्च काहीच नाही, आणि आकड्यांत न दिसणारं बरंच काही त्यातून कळतं. नवा जिवाणू शोधण्याची घाई करू नकोस. रंग घालवणाऱ्या जिवाणूंवरचे पेपर ढिगाने आहेत, अमाइनचा शेवटपर्यंत माग काढणारे त्या मानाने फार थोडे.

ही सगळी कामं हातमोजे घालून आणि फ्यूम हूडखालीच करायची. बेंझिडिन कातडीतूनही शरीरात जातं. तुझ्याकडचे ते पारदर्शक फ्लास्क अजून बाकावर असतील तर आजच त्यांच्यावर लेबल लाव आणि घातक कचऱ्याच्या डब्यात वेगळे ठेव. बेसिनमध्ये ओतू नकोस, आणि भांडी धुणाऱ्या मावशींनाही आधी सांगून ठेव.

सस्नेह,
तुझ्या मॅडम